शंभरापैकी शंभर

लोक सिगरेटी किती ओढतात हे मोजायला फारशी अक्कल लागत नाही. पाकिटं मोजली की झालं. पण ओढणाऱ्याला त्या सिगरेटचा धोका किती वाटतो, हे मोजायचं म्हणजे धूर चिमटीत पकडण्यातला प्रकार. नेमका हाच उद्योग एका चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरची एक संस्था वर्षानुवर्षं इमानेइतबारे करत होती. तिथे प्रश्न विचारत दारोदार फिरणारे वेगळे होते, आलेल्या उत्तरांची बेरीज-वजाबाकी करणारे वेगळे होते. आणि विचारणाऱ्याने नीट विचारलं का, सांगणाऱ्याला नीट समजलं का, हे मध्ये बसून कानाने तपासणारी एकच बाई होती. कागदावर त्यांचं पद तपासनीस असं होतं. बाकी सगळे नुसतं बाई म्हणत.

प्रत्येक मुलाखत समोरच्याला विचारून रेकॉर्ड व्हायची. सगळ्या ऐकायच्या तर जन्म पुरला नसता, म्हणून कॉम्प्युटर दहातली एक चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायचा. शिवाय संशयास्पद अशा सगळ्या मुलाखती बाईंकडे यायच्या. सात मिनिटांत उरकलेली मुलाखत संशयास्पद. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलेली संशयास्पद. आणि तिसरा प्रकार होता, त्यासाठी आधी ते कार्ड समजून घ्यायला हवं.

कार्डावर शंभर छोटी माणसं छापलेली असत, दहाच्या दहा रांगा. मुलाखत घेणारी मुलगी ते पुढे धरून विचारायची, ‘‘ही सिगरेट ओढणारी शंभर माणसं आहेत असं समजा. यातल्या किती जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होईल?’’ लोक सढळ हाताने साठ-सत्तर जणांना करून टाकत. दुसऱ्याच्या छातीबद्दल माणूस फार उदार असतो. मग पुढचा प्रश्न यायचा, ‘‘आणि तुम्हाला स्वतःला व्हायची शक्यता शंभरात किती?’’ इथे तोच माणूस एकदम कंजूष व्हायचा. दहा. आठ. फार तर पन्नास, आणि पन्नास म्हणजे ‘माहीत नाही’ हे सांगायची लाज, एवढं बाईंना अनुभवाने कळलेलं होतं. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर पडायचं त्याला ऑफिसात ‘दरी’ म्हणत, आणि त्या दरीवर संस्थेचे मोठमोठे अहवाल निघत.

स्वतःबद्दल कोणी शून्य किंवा शंभर सांगितलं, की ती मुलाखत बाईंच्या यादीत येऊन पडायची. शून्यवाला बढाईखोर आणि शंभरवाल्याला प्रश्नच कळलेला नाही, असा सरळ हिशेब होता. धडधाकट बसलेला माणूस मला शंभर टक्के कॅन्सर होणार असं कशाला सांगेल? बाई सुरुवातीची दोन मिनिटं ऐकत, मग थेट कार्डापाशी जात, आणि ‘प्रश्न समजला नाही’ या चौकोनात खूण करून ते उत्तर उडवून टाकत. एका मुलाखतीला चार मिनिटं. कामाला वाघ होत्या बाई, त्यात शंका नाही.

नव्या मुलींना शिकवायचं कामही त्यांचंच. दरी म्हणजे काय हे समजावताना त्या नेहमी घरचं उदाहरण द्यायच्या. फॉर्म बाहेर नेण्याआधी प्रत्येकाने तो घरी दोन माणसांवर चालवून बघायचा, असा संस्थेचा नियम होता. बाईंच्या घरी माणूस एकच, त्यांचा नवरा. तो पुस्तकांची बाइंडिंगं करायचा. बाइंडर म्हणूनच त्याला सगळे ओळखत, आणि दिवसाला दीड पाकीट सिगरेट हाही त्याच्या धंद्याचा भाग असल्यासारखा चालायचा. कार्ड बघून बाइंडरांनी इतरांना साठ दिले होते आणि स्वतःला पाच.

‘‘पाचच का?’’ बाईंनी विचारलं होतं.

‘‘म्हणजे कसं आहे,’’ बाइंडर म्हणाले होते, ‘‘मी खिडकीत उभा राहून ओढतो. धूर बाहेर जातो.’’

हे बाई अशा काही नकला करून सांगायच्या की नव्या मुली पोट धरधरून हसायच्या. ऑफिसात ‘बाईंचे पाच’ हा वाक्प्रचारच झाला होता. एकदा वार्षिक जेवणाला बाइंडर आले, तर आकडेवारीचे प्रमुख, ज्यांना सगळे आकडेसाहेब म्हणायचे, त्यांनी पुढे होऊन हात मिळवला. ‘‘अच्छा, म्हणजे तुम्हीच ते पाच.’’ बाइंडरही हसले होते. हसतात तसेच हसले होते, असं तेव्हा बाईंना वाटलं होतं.

त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर यादीत अकरा मुलाखती होत्या. सहा झाल्या. सातवी दहा दिवसांपूर्वीची होती. पुरुष, वय चोपन्न, हातकाम, स्वतःचं दुकान. इतरांबद्दल साठ, स्वतःबद्दल शंभर. नाव नव्हतंच, नावं कधीच नसत. ‘याला काही कळलेलं नाही,’ असं मनात म्हणत बाईंनी हेडफोन चढवले आणि चहाचा कप जवळ ओढला.

मुलीचा आवाज आला. संस्थेचं नाव, परवानगी, रेकॉर्डिंगची सूचना, सगळं शिकवल्याप्रमाणे. मग चाळणीचा प्रश्न आला. ‘‘काका, तुमच्या घरातलं कोणी सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेत किंवा तंबाखूच्या धंद्यात काम करतं का?’’ याचं उत्तर हो आलं तर मुलीने आभार मानून उठायचं असतं.

मग कोणीतरी दोनदा घसा खाकरला, आधी हलका, मग मोठा.

‘‘नाही. म्हणजे कसं आहे, घरी मी आणि बायको. ती घरीच असते.’’

पहिला झटका बसला तो रागाचा. घरीच असते? बावीस वर्षं सकाळी साडेनऊला डबा घेऊन घराबाहेर पडणारी बायको घरीच असते? एवढं खोटं, आणि तेही आमच्याच फॉर्मवर? हा सगळा संताप एका श्वासात येऊन गेला, आणि तो गेल्यावर बाईंच्या लक्षात आलं की यादीत या माणसापुढे शंभर लिहिलेलं आहे.

ओळखीचा आवाज लागला तर काय करायचं याचा नियम होता. तो बाईंनीच लिहून काढला होता, आणि प्रत्येक नव्या माणसाकडून त्या तो पाठ करून घेत. ताबडतोब हेडफोन काढायचे, निळी चिठ्ठी भरायची, मुलाखत दुसऱ्याच्या स्वाधीन करायची, आणि ऐकलेल्यातला शब्दही कुठे बोलायचा नाही. बाईंचा हात हेडफोनकडे गेलासुद्धा. कानाशी पोचला, आणि त्याने आवाज वाढवला.

मागे कागद कापायच्या यंत्राचा खटका ऐकू येत होता. म्हणजे मुलगी दुकानात बसली होती, बहुधा दारामागच्या त्या स्टुलावर. रोज किती, कधीपासून, सोडायचा प्रयत्न केला का, असे प्रश्न गेले. बाइंडर शहाण्या मुलासारखे उत्तरं देत होते. मग कार्ड आलं.

‘‘साठ,’’ बाइंडर म्हणाले. आणि पुढच्या प्रश्नाला म्हणाले, ‘‘शंभर.’’

‘‘काका, मी प्रश्न परत वाचते हं,’’ मुलगी म्हणाली. शून्य किंवा शंभर आलं की एकदा परत वाचायचं, हेही बाईंनीच शिकवलेलं. तिने सावकाश, शब्द सुटे करून वाचलं. ‘‘तुम्हाला, स्वतःला, शंभरात किती?’’

‘‘कळलंय मला. शंभर. लिही तू.’’

इथे थांबून चौकोनात खूण करायची असते. बाई थांबल्या नाहीत. अजून वीस मिनिटं प्रश्न चालले. पाकिटावरची चित्रं बघता का, बघून काय वाटतं, ती चित्रं खरी वाटतात का. बाईंना वाटलं ही पोरगी मुद्दाम हळू वाचतेय. मग एकदाचा शेवटचा भाग लागला.

‘‘गेल्या बारा महिन्यांत डॉक्टरांनी तुम्हाला धूम्रपानाशी संबंधित कोणता आजार असल्याचं सांगितलंय का?’’

‘‘हो.’’

‘‘कोणता?’’

‘‘तोच. ज्याचं तू कार्ड दाखवलंस.’’

कागद कापायचं यंत्र बंद झालं होतं. मुलगी म्हणाली, ‘‘बरं.’’ आणि टॅबवर तिच्या बोटाचा टकटक आवाज आला.

‘‘उपचार सुरू आहेत?’’

‘‘नाही.’’

‘‘कारण सांगाल?’’

‘‘ऑपरेशन सांगितलंय. एकवीस तारखेला, सोमवारी. गाठ लहान आहे म्हणाले, आत्ता काढली तर निघेल. ही तारीख चुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि तोवर ती काढण्याजोगी राहील का, ते सांगता येत नाही म्हणाले. पण घरच्या माणसाची सही लागते.’’

‘‘मग?’’ मुलगी म्हणाली. हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेही नव्हता.

‘‘मग काही नाही. सही हवी तर सांगावं लागतं. ते काही होत नाही माझ्याच्याने.’’

फॉर्ममध्ये पुढे होतं, सिगरेटच्या धोक्याविषयी तुम्ही सर्वांत जास्त कोणाशी बोलता? मुलीने पर्याय वाचले. पत्नी, मित्र, डॉक्टर, सहकारी, कोणाशीच नाही.

‘‘तुझ्याशी,’’ बाइंडर म्हणाले.

‘‘तो पर्याय नाहीये, काका.’’

‘‘मग ‘कोणाशीच नाही’ लिही.’’

मुलगी जराशी घुटमळली. ‘‘काकूंशी?’’

‘‘तिच्याशी काय बोलणार? तिला सगळं आधीच माहीत असतं.’’

आभाराचं ठरलेलं वाक्य झालं आणि रेकॉर्डिंग संपलं. अडतीस मिनिटं. बाई तशाच बसून राहिल्या. टेबलावरचं कॅलेंडर समोरच होतं, पण त्यावरची तारीख वाचायला त्यांना तीनदा बघावं लागलं. अठरा. शुक्रवार, अठरा.

म्हणजे मधले दोन दिवस. म्हणजे गेले कित्येक आठवडे हा माणूस रात्री शेजारी झोपत होता, सकाळी उठून डब्याची पिशवी हातात देत होता, आणि पोटात हे घेऊन फिरत होता. परक्या माणसाने श्वास कुठे घेतला यावरून त्याला प्रश्न कळला की नाही हे ओळखणारा बाईंचा कान! आणि घरात चोवीस तास चाललेला खोकला त्यांना ऐकू आला नव्हता. ऐकू आला होता, तर ‘‘ओढा अजून’’ एवढं म्हणून त्या कुशीवर वळल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. बाईंना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी हेडफोन काढून टेबलावर लांब सरकवले.

कॉम्प्युटर वाट बघत होता. त्याला निर्णय हवा होता. उत्तर ग्राह्य, की प्रश्न समजला नाही? दुसऱ्या चौकोनाशेजारी कंसात एक आकडा असायचा, आजवर किती मुलाखतींवर ही खूण झाली त्याचा. बाईंनी तो रोज पाहिला होता आणि कधीच वाचला नव्हता. चारशे बारा.

त्यातले शून्यवाले थोडेच असतील, बाकी सगळे शंभरवाले. त्यांतल्या एकाचीही मुलाखत बाईंनी शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती. डॉक्टरांचा प्रश्न पार शेवटी होता, आणि बाई कार्डापाशीच थांबत. त्यातल्या बऱ्याच जणांना प्रश्न खरोखरच कळला नसेल. पण ज्यांना चांगलाच कळला होता ते किती? कुणाच्या तरी दुकानात, कुणाच्या तरी ओट्यावर, परक्या पोरीच्या तोंडाकडे बघत ‘शंभर’ म्हणाले होते ते किती? बाईंनी चार-चार मिनिटांत त्यांना अडाणी ठरवून मोडीत काढलं होतं. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. नवऱ्यासाठी आला की त्या अनोळखी माणसांसाठी, ते त्यांना सांगता आलं नसतं.

आकडेसाहेब कप हातात घेऊन मागून चालले होते. ‘‘काय बाई, आज काही गंमत?’’ शुक्रवारी बाई एखादं गमतीदार उत्तर सांगत, तशी पद्धतच पडली होती.

‘‘एक शंभर आलेत,’’ बाई म्हणाल्या. आवाज आपला नाहीच असं त्यांना वाटलं.

‘‘कळलं नसेल बिचाऱ्याला. उडवून टाका.’’

‘‘कळलंय त्याला.’’

आकडेसाहेब थांबले. बाईंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘बाई, बरं वाटत नाहीये का?’’

बाईंनी खणातून निळी चिठ्ठी काढली, ‘ओळखीचा आवाज’ एवढंच लिहिलं, आणि ती साहेबांच्या हातात दिली. ‘‘नियम मोडलाय मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पूर्ण ऐकलंय. सोमवारी येणार नाही. आणि साहेब, ते ‘प्रश्न समजला नाही’ म्हणून उडवलेले चारशे बारा आहेत ना, त्यांची रेकॉर्डिंगं कोणी पुसू नका आता. ते मला पुन्हा ऐकायचेत. शेवटपर्यंत.’’ साहेब आ वासून बघत राहिले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, याची चौकशी करायला बाई थांबल्या नाहीत.

घरापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा होता. तेवढ्यात बाईंनी मनात वीस वाक्यं तयार केली आणि वीसही मोडली. कुठूनही सुरुवात केली तरी ती पहिल्या शब्दात तोफेसारखी सुटत होती.

बाइंडर आज लवकर आले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते भेंडी पुसत होते. एकेक भेंडी फडक्याने पुसून ओळीत ठेवायची त्यांची सवय होती. सदरा खांद्यावरून उतरला होता. हा सदरा सैल कधीपासून झाला?

‘‘चहा टाकू?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नको,’’ बाई म्हणाल्या. पर्समधून त्यांनी कोरा फॉर्म काढला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांना त्या जन्मभर हसत आल्या होत्या, आणि आता स्वतः तेच करायला बसल्या होत्या. ‘‘फॉर्म जरा बदललाय. चालवून बघायचाय. पाच मिनिटं.’’

‘‘आत्ता?’’

‘‘आत्ताच. सोमवारी द्यायचाय.’’

सोमवार म्हटल्यावर भेंडीवरचं फडकं थांबलं, आणि मग पुन्हा चालू झालं. ‘‘विचार,’’ बाइंडर म्हणाले.

बाईंनी कार्ड पुढे धरलं. ‘‘यातले किती?’’

‘‘साठ.’’

‘‘आणि तुम्ही स्वतः?’’

बाइंडरांनी तोंड हसरं केलं. ‘‘पाच. म्हणजे कसं आहे, मी खिडकीत उभा राहून ओढतो.’’

ज्या वाक्यावर त्यांनी पन्नास मुलींना हसवलं होतं ते हेच वाक्य. हा माणूस आपल्याला आपलंच नाटक करून दाखवतोय. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि फॉर्मचं पहिलं पान पुन्हा काढलं.

‘‘एक राहिलाच,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमच्या घरातलं कोणी सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेत काम करतं का?’’

हा प्रश्न घरच्या सरावात कधी विचारत नसत. विचारायची गरजच नव्हती. बाइंडरांनी घसा खाकरला, एकदा हलका, मग मोठा. फडक्याची घडी केली. ती टेबलाच्या कडेला ठेवली.

‘‘ऐकलंस तू,’’ ते म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘सगळं?’’

‘‘अडतीस मिनिटं.’’

‘‘ओळखीचा आवाज लागला की हेडफोन काढायचे ना? तूच सांगत होतीस.’’

‘‘नाही काढले.’’

बाइंडर खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘दहातलं एक ऐकतेस म्हणाली होतीस. म्हटलं, नऊ वेळा तरी वाचेन.’’

‘‘शंभर सांगितलं की सगळे माझ्याकडे येतात.’’

‘‘हे नव्हतं सांगितलंस कधी.’’

‘‘आणि मी घरी असते?’’ बाईंचा आवाज चढला. ‘‘बावीस वर्षं मी घरी असते?’’

‘‘खरं सांगितलं असतं तर ती पोरगी उठून गेली असती. तुमचाच नियम. मला बोलायचं होतं.’’

‘‘तिच्याशी? वीस-बावीस वर्षांची पोर, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तिला सांगितलंत. आणि मी इथे, या टेबलाशी, रोज तुमच्यासमोर जेवते. मला एका शब्दाने नाही. सोमवारची तारीख आहे हो! काय ठरवलं होतंत? जाऊ द्यायची? मरायचं ठरवलं होतंत?’’

‘‘ठरवलं काहीच नव्हतं. रोज म्हणायचो, आज सांगू.’’

‘‘मग का नाही सांगितलंत?’’

बाइंडर रागावलेले नव्हते, आणि तेच बाईंना सहन होईना. ‘‘ती पोरगी ‘बरं’ म्हणाली. नुसतं ‘बरं’. आणि पुढचा प्रश्न विचारला. तू काय म्हणाली असतीस?’’

‘‘मी काय म्हणणार होते? मी...’’

बाईंनी वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. कारण त्यांना आठवलं. दुपारी हेडफोनमध्ये बाइंडर ‘तोच’ म्हणाले तेव्हा भीती नंतर आली होती, रडू तर अजूनही आलं नव्हतं. सगळ्यांत आधी, क्षणाचाही उशीर न लावता, मनात उमटलं होतं ते एकच वाक्य, आणि त्यात विजयाची बारीकशी चवही होती. ती चव आठवून बाई आतून हादरल्या. नवऱ्याच्या कॅन्सरची बातमी ऐकताना आपल्याला क्षणभर बरोबर ठरल्याचं समाधान वाटलं. दुपारपासून त्या हेच स्वतःपासून लपवत होत्या. चारशे बारा काढून बसल्या होत्या त्यासुद्धा बहुतेक त्यासाठीच.

इथे खोटं बोलता आलं असतं. बोलायला माणूस मोकळाच असतो. पण खोटी उत्तरं पकडण्यात आयुष्य गेलेल्या बाईला समोर बसलेल्या माणसाला फसवता येईना.

‘‘सांगत होते ना मी, असं म्हणाले असते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आज ऐकताना तेच आलं मनात. सगळ्यांत आधी तेच आलं.’’

बाइंडरांनी मान हलवली. ‘‘माहीत होतं मला. तेवढ्यासाठीच तर. ऑपरेशनची भीती नव्हती वाटत एवढी. गुंगीतून डोळे उघडले की समोर तू असशील, आणि तुझ्या तोंडावर ते लिहिलेलं असेल. त्या साहेबाच्या, त्या पोरींच्या तोंडावरही. पाचवाला शंभर झाला.’’

बाईंनी टेबलावरचं कार्ड उचलून पालथं ठेवलं.

‘‘म्हण,’’ बाइंडर म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘तेच. आत्ता, माझ्या तोंडावर. एकदा म्हणून टाक. मग सोमवारी नाही, दवाखान्यात नाही, घरी आल्यावर नाही, कोणी भेटायला आलं तरी नाही. मनातसुद्धा नाही. ते पोटात ठेवून तू आलीस तर माझ्याच्याने ऑपरेशनच्या टेबलावर झोपणं होणार नाही. म्हण आणि संपव.’’

‘‘नाही म्हणवत मला.’’

‘‘इतकी वर्षं म्हणतच होतीस की.’’

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. जे वाक्य उठता-बसता जिभेवर असायचं ते आता घशाच्या खालून ओढून काढावं लागलं.

‘‘सांगत होते ना मी,’’ त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या शब्दावर त्यांचा बांध फुटला.

‘‘हो,’’ बाइंडर म्हणाले. ‘‘सांगत होतीस. मी ऐकलं नाही.’’

त्यांनी बाईंना रडू दिलं. मग आतल्या खोलीत गेले आणि दवाखान्याची फाइल घेऊन आले. वह्यांचे कागद चापतात तसा त्यातला एक कागद तळहाताने चापून त्यांनी बाईंपुढे ठेवला. खाली रिकामी रेघ होती. बाईंनी पेन उचललं, पण हात असा कापत होता की उमटलेली सही त्यांची त्यांना ओळखू येईना. बावीस वर्षं हजार कागदांवर केलेली सही, आणि ही तिच्यासारखी अजिबात नव्हती.

‘‘ही नाही चालायची,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दुसरा कागद मागू सोमवारी. नीट करते.’’

बाइंडरांनी कागद उचलला, उजेडात धरून बघितला आणि फाइलमध्ये ठेवून दिला.

‘‘चालेल,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरं कोण आहे मला.’’